गाडीत बसूनच बँक: हलवता येणारी सुरक्षित केबिन पहिल्यांदा उभी करताना

बँकेची इमारत दुरुस्तीला काढली, पुराच्या पाण्याने तळमजला गेला, किंवा नव्या वस्तीत शाखा चालेल की नाही याचा आधी अंदाज घ्यायचा आहे. अशा वेळी ट्रकवरून आणून ठेवता येईल आणि काम संपल्यावर उचलून दुसरीकडे नेता येईल, अशी एक भक्कम केबिन लागते. ग्राहक गाडी खिडकीशी लावतो, काच खाली करतो, सरकत्या खणात चेक किंवा नोटा ठेवतो, पावती घेतो आणि निघतो. गाडीतून न उतरता व्यवहार करायची पद्धत जुनी आहे. शिकागोच्या एक्स्चेंज नॅशनल बँकेने १९४६ मध्ये जाड काचेमागे रोखपाल बसवून अशा खिडक्या उघडल्या होत्या. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बँकांनी तात्पुरत्या आणि फिरत्या शाखांतूनच कारभार पुन्हा सुरू केला. कामावर आम्ही या केबिनला ‘डबा’ म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

या कामात नव्याने उतरलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो: पत्रा किती जाड घ्यायचा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथा-पाचवा आहे. डबा आपल्याला हलवता येतो, तसाच तो चोरालाही हलवता येतो, ही या कामातली मूळ अडचण. इमारतीतल्या तिजोरीला खालची जमीन, आजूबाजूच्या भिंती, वरचा मजला हे सगळं संरक्षण आपोआप मिळतं. डब्याला त्यातलं काहीच मिळत नाही. ते एकेक करून द्यावं लागतं. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

१. आधी ठरवा: आत माणूस की फक्त यंत्र?

तीन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त एटीएम आणि पैसे भरण्याचं यंत्र असतं, आत माणूस फक्त नोटा भरायला जातो. दुसऱ्यात खिडकीमागे रोखपाल बसतो. तिसऱ्यात एक मार्गिका खिडकीला लागून असते आणि पलीकडच्या मार्गिकांना हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या जोडलेल्या असतात. ग्राहक डबीत कागद ठेवतो, डबी नळीतून रोखपालाकडे जाते आणि तशीच परत येते.

नव्याने काम करत असाल तर दुसऱ्यापासून सुरुवात करा. नळीचा प्रकार छान चालतो, पण नळीला मोठी वळणं लागतात, कारण लांब डबी आखूड वळणात अडकते. शिवाय प्रत्येक नळी म्हणजे कवचाला पाडलेलं एक भोक, आणि डबा हलवायच्या वेळी सोडवायचा आणखी एक सांधा.

२. जागा बघताना डबा विसरा, गाड्यांची रांग बघा

रांगेचं गणित एकदा मांडून बघाच, ते डोळे उघडतं. एका गाडीला सरासरी ३ मिनिटं लागतात असं धरू. म्हणजे एक खिडकी तासाला जास्तीत जास्त २० गाड्या सोडेल. गाड्या ठरवून येत नाहीत, वाटेल तेव्हा येतात. तासाला १२ आल्या तर खिडकीवरची धरून सरासरी दीड गाडी उभी असते. १६ आल्या तर ४. १८ आल्या तर ९. आणि १९ आल्या तर थेट १९. क्षमता २० ची, येतात १९, म्हणजे एक जागा शिल्लक, असा हिशोब इथे चालत नाही. एका गाडीला मागच्या-पुढच्या अंतरासह ६ मीटर धरले, तर ९ गाड्यांना ५४ मीटर लागतात आणि १९ गाड्यांना ११४. तुमच्या आवारात ६० मीटर मिळत असतील तर तासाला १८ गाड्यांच्या आतच राहायला हवं. तेही सरासरीने, पगाराच्या दिवशी रांग त्याहून लांबेल. त्यापेक्षा जास्त गाड्या येणार असतील तर दुसरी खिडकी काढा. रांग रस्त्यावर गेली की वाहतूक पोलीस आधी येतात आणि परवाना रद्द व्हायची वेळ नंतर.

दुसरी गोष्ट दिशेची. खिडकी चालकाच्या बाजूला आली पाहिजे. जिथे गाड्या डावीकडून चालतात तिथे चालक उजवीकडे बसतो, म्हणून गाड्या डब्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवाव्या लागतात. जिथे उजवीकडून चालतात तिथे उलट. दुसऱ्या देशातला वापरलेला डबा घेतला तर खण आणि कॅमेरे आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असतात. हे खरेदीच्या आधी तपासा.

तिसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वळण संपता संपता खिडकी आली तर गाडी तिरकी उभी राहते. पुढचं चाक कठड्याशी, मागचं हातभर लांब. चालकाचा हात खणापर्यंत पोचत नाही. तो आधी खिडकीतून अर्धा बाहेर वाकतो, मग वैतागून दार उघडतो, दार कठड्याला आपटतं, आणि शेवटी एक पाय खाली टाकून उभा राहतो. हातात नोटा, गाडी चालू, दार उघडं. गाडीतून व्यवहार करण्याची सगळी सुरक्षितता तिथे संपते. म्हणून खिडकीच्या आधी निदान दोन गाड्यांच्या लांबीइतका सरळ पट्टा ठेवा, आणि खिडकीजवळ मार्गिका थोडी अरुंद ठेवा म्हणजे चालक आपोआप जवळ घेतो.

३. माप आणि वजन

डब्याचं माप रस्ता ठरवतो. युरोपीय संघात सर्वसाधारण मालवाहू गाडीला २.५५ मीटर रुंदी आणि ४ मीटर उंचीची मर्यादा आहे. अमेरिकेत महामार्गांवर रुंदी १०२ इंच, म्हणजे साधारण २.६ मीटर. ट्रेलरची फळी जमिनीपासून १.२ मीटरवर असेल तर ४ मीटरमधून डब्याच्या वाट्याला २.८ मीटर उरतात, आणि छतावरचं वातानुकूलन यंत्र त्यातच मोजायचं असतं. म्हणूनच बरेच डबे २० फुटी कंटेनरच्या आसपासचे असतात: ६.०५८ मीटर लांब, २.४३८ रुंद, २.५९१ उंच.

आता वजन. ६ × २.४ × २.६ मीटरच्या डब्याच्या चार भिंती, छत आणि तळ मिळून साधारण ७२ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. ६ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ४७ किलो, म्हणजे सगळं कवच मिळून साडेतीन टनांच्या आत. तेच १०० मिलिमीटर काँक्रीटचं केलं तर चौरस मीटरला २४० किलो, एकूण सतरा टनांच्या वर. आणि यात अजून तिजोरी, काच, सामान, माणूस काहीच आलेलं नाही.

दोन्हींत भांडण लावायची गरज नाही. सबंध डबा पोलादी सांगाड्याचा करा, आणि जिथे रात्री रोकड राहणार तेवढ्याच टोकाला जड कवचाची आतली खोली बांधा. फक्त एक लक्षात ठेवा: मग डब्याचं गुरुत्वमध्य त्या टोकाकडे सरकतं. ते नेमकं कुठे आहे हे कारखान्यातच काढून घ्या आणि बाहेरच्या बाजूला रंगाने खूण करा. क्रेनवाल्याला त्या खुणेइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

४. खिडकी

सगळ्यात जास्त चुका मी इथेच पाहिल्या आहेत.

गोळीरोधक काचेला प्रमाणपत्र असतं. युरोपात ईएन १०६३ या मानकाप्रमाणे बीआर१ ते बीआर७ अशा श्रेणी असतात, अमेरिकेत यूएल या चाचणी संस्थेच्या ७५२ क्रमांकाच्या मानकाच्या पातळ्या. यूएलच्या पहिल्या तीन पातळ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी आहेत: पहिली ९ मिलिमीटर, दुसरी .३५७ मॅग्नम, तिसरी .४४ मॅग्नम. रायफलच्या पातळ्या चौथीपासून सुरू होतात, आणि काचेची जाडी आणि वजन तिथून झपाट्याने वाढतं. कुठली पातळी घ्यायची हे बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्याने धोका बघून ठरवायचं. आपण परस्पर ठरवू नये.

पण ईएन १०६३ च्या प्रमाणपत्रावर श्रेणीच्या पुढे एक-दोन छोटी अक्षरं असतात, ती वाचल्याशिवाय काच घेऊ नका. ‘एस’ म्हणजे गोळी अडते, पण आतल्या बाजूने काचेचे कण उडू शकतात. ‘एनएस’ म्हणजे कणही उडत नाहीत. रोखपाल काचेपासून हातभर अंतरावर बसतो, तोंड काचेकडे करून. गोळी अडली पण डोळ्यांत काच गेली, तर त्या माणसाला आपण काय उत्तर देणार? माणूस बसणार असेल तिथे मी ‘एनएस’च घेतो, यात तडजोड नाही.

अशा काचेच्या आतल्या पृष्ठभागावर बऱ्याचदा पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो. तो चिवट असतो, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि अमोनियाच्या काच-क्लीनरने तो खराब होतो. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, एवढंच वापरायचं. हे साफसफाई करणाऱ्यांना तोंडी सांगून भागत नाही. खिडकीखाली चिठ्ठी चिकटवा.

काचेचं प्रमाणपत्र म्हणजे खिडकीचं प्रमाणपत्र नव्हे. चौकट, तिचे सांधे आणि भिंतीत ती बसते ती जागा, यांची परीक्षा वेगळी असते; युरोपात त्यासाठी ईएन १५२२ आहे. काच उत्तम आणि खालची भिंत साध्या पत्र्याची, असे डबे मी पाहिले आहेत. रोखपालाची छाती आणि पोट त्या पत्र्यामागेच असतं. खिडकीच्या खाली, बाजूंना आणि खणाभोवती तेवढ्याच पातळीचं चिलखती पॅनेल हवं, आणि ते चौकटीच्या आत थोडं शिरलेलं हवं, म्हणजे सांध्यातून सरळ रेषेत फट उरत नाही.

आता खण. सरकत्या खणाची रचना अशी हवी की बाहेरची बाजू उघडी असताना आतली बंदच राहील. दोन्ही एकाच वेळी उघडत असतील तर ते भगदाड आहे. वीज गेली तर खण बंद स्थितीत थांबला पाहिजे. आणि त्याच वेळी माणसाच्या बाहेर पडायच्या दाराचं उलट: वीज असो-नसो, ते आतून चावीशिवाय उघडलंच पाहिजे. एका डब्यात कंत्राटदाराने दोन्ही कुलपं एकाच सर्किटवर टाकली होती. चाचणीत वीज काढली आणि मी आत अडकलो. दहा मिनिटांत बाहेर आलो, पण आत धूर असता तर ती दहा मिनिटं मिळाली नसती.

खणाच्या बाहेरच्या कडेकडे नीट लक्ष द्या. बाहेरच्या झाकणाच्या वरच्या कडेला पाणी तोडणारी छोटी पन्हळ नसेल तर पावसाचं पाणी कडेवरून आत ओघळतं आणि नोटांच्या तळाशी साचतं. खण आणि त्याची चौकट यांच्यामधली फट नाण्याच्या जाडीपेक्षा कमी हवी. एक नाणं त्या फटीत उभं अडकलं की खण ना आत जातो ना बाहेर, आणि मागे सहा गाड्या भोंगे वाजवत असतात.

५. तिजोरी

तिजोरीच्या दर्जाचे आकडे म्हणजे वेळेचं माप आहे. यूएलच्या टीएल-१५ चा अर्थ, ठरलेल्या हत्यारांनी दारावर प्रत्यक्ष १५ मिनिटं काम केल्यावरही ती उघडली नाही. टीएल-३० म्हणजे ३० मिनिटं. हत्यार बदलताना, दम घेताना घड्याळ थांबवलेलं असतं. म्हणून तिजोरी निवडताना विचारायचा प्रश्न असा: अलार्म वाजल्यापासून मदत पोचेपर्यंत इथे किती मिनिटं लागतात? तिजोरी त्यापेक्षा जास्त टिकली पाहिजे. डबा वस्तीपासून लांब ठेवणार असाल तर दर्जा वर न्या, किंवा रात्री रोकड ठेवूच नका. दुसरा पर्याय बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचा असतो.

युरोपच्या ईएन ११४३-१ प्रमाणे १००० किलोपेक्षा हलक्या सुट्या तिजोरीला जमिनीत जखडायची सोय असावीच लागते. कारण उघड आहे: हलकी तिजोरी फोडायला कोणी थांबत नाही, ती उचलून नेतात. डब्यात ही गोष्ट दोनदा लागू होते. तिजोरी डब्याच्या तळाला जखडायची, आणि डबा जमिनीला. यांतली एक जरी कडी कच्ची राहिली तर दुसरीचा उपयोग नाही. शक्य असेल तिथे मी तिजोरीचे बोल्ट डब्याच्या तळातून आरपार काढून थेट चौथऱ्यात नेतो.

वेळेचं कुलूप, म्हणजे आकडे जुळवल्यावरही ठरावीक मिनिटं थांबून मगच उघडणारं, आणि दोन माणसांशिवाय न उघडणारी पद्धत, हे दोन्ही ठेवा. आणि तशी पाटी खिडकीत ठळक लावा. रोखपालाला धमकावून काही मिळणार नाही हे बाहेरच्याला वाचता आलं पाहिजे. ती पाटी आतल्या माणसाचं रक्षण करते.

६. चौथरा आणि बोल्ट

डबा येण्याच्या निदान चार आठवडे आधी चौथरा ओतून झालेला हवा. नेहमीच्या काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात, आणि घाईने त्यात काही बदल होत नाही.

पहिल्या वर्षी माझ्या हातून झालेली चूक सांगतो. चौथऱ्यात बारा बोल्ट काँक्रीटसोबतच ओतून घेतले होते, माप नकाशावरून. डबा क्रेनला लटकलेला, खाली चार माणसं त्याला दोरीने जागेवर आणताहेत, आणि एका कोपऱ्यातले तीन बोल्ट भोकांपासून १८ मिलिमीटर बाजूला. काँक्रीट ओतताना सळईला धक्का लागून ते सरकले होते आणि कोणी पुन्हा मोजलं नव्हतं. डबा दीड तास हवेत. शेवटी तो परत ट्रेलरवर ठेवला, भोकं गॅस-कटरने मोठी केली, वर जाड वॉशर वेल्ड केले. दिवस गेला, क्रेनचं भाडं दुप्पट झालं. तेव्हापासून कारखान्यात डब्याच्या तळावरच एक पोलादी साचा कापून घेतो, तोच साचा चौथऱ्यावर ठेवून बोल्ट उभे करतो, आणि काँक्रीट घट्ट व्हायच्या आत पुन्हा एकदा त्यावरून मोजतो. नकाशावर विश्वास ठेवायचा नाही.

बोल्टांचे नट कुठे येतात, हा या सगळ्या कामातला मर्माचा भाग. डब्याच्या बाहेरच्या कडेला पाय काढून त्यावर नट आवळले तर काम सोपं होतं, आणि चोराचंही. नट डब्याच्या आत, तळात ठेवलेल्या खड्ड्यांमध्ये यायला हवेत, त्यावर पोलादी झाकण, आणि त्यांतले निदान काही नट जड कवचाच्या खोलीत. मग बाहेरून पाना लावायला जागाच उरत नाही, आणि आपल्याला मात्र आत शिरून डबा सोडवता येतो.

हाच नियम उचलायच्या कड्यांना आणि फोर्कलिफ्टच्या खाचांना लावा. डबा बसला की छताच्या कड्या काढून घ्या, भोकं आतून आवळलेल्या बुचांनी बंद करा, खाचांवर पट्ट्या लावा. चाकांचा डबा असेल तर चाकं आणि ओढायचा दांडा काढून दुसरीकडे ठेवा. या वस्तू डब्यावर तशाच राहू देणं म्हणजे साखळी अडकवायची जागा तयार ठेवणं.

वाऱ्याचा हिशोब अभियंता करेलच, पण मार्गिकेवर काढलेल्या छज्ज्याकडे त्याचं लक्ष वेधा. सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९६० न्यूटन होतो. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद छज्ज्याला तो खालून लागला तर ढोबळमानाने पावणेदोन टनांचा जोर वर उचलतो. डबा जागचा हलणार नाही, पण छज्ज्याचे खांब वेगळ्या पायावर असतील तर तेच आधी उपटतील.

खिडकीच्या दोन्ही टोकांना, गाडी येते त्या बाजूला आधी, काँक्रीट भरलेले पोलादी खुंट उभे करा. चुकून ॲक्सिलरेटर दाबलेल्या चालकालाही ते थांबवतात आणि मुद्दाम धडक देणाऱ्यालाही.

७. उतरवणं

क्रेनवर लिहिलेला आकडा अगदी जवळच्या टप्प्याचा असतो. हात लांबवला की क्षमता भराभर घटते. म्हणून क्रेन मागवताना वजन आणि अंतर दोन्ही सांगा. १२ टनांच्या डब्याला चार दोर लावले आणि ते आडव्याशी ६० अंशांत असले तर प्रत्येकावर सुमारे साडेतीन टन ताण येतो. ३० अंशांत असले तर ६ टन. आणि हा हिशोब चारही दोर सारखे ताणलेले आहेत असं धरून आहे, जे कडक डब्याच्या बाबतीत जवळजवळ कधीच खरं नसतं. म्हणून दोर निवडताना दोनच दोरांवर भार येईल असं धरतात. डब्यात या वेळी एक रुपयाचीही रोकड नसावी आणि एकही माणूस नसावा.

८. आत बसणारा माणूस

या भागावर मी अडून बसतो, कारण डबा बनवणारे आणि विकत घेणारे दोघंही त्यात कधी आठ तास बसत नाहीत.

खिडकीबाहेर दिवसभर गाड्या उभ्या राहून धूर सोडत असतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. खण उघडला की बाहेरची हवा आत येते. यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही: ताजी हवा मार्गिकांच्या विरुद्ध बाजूने, उंचावरून आत घ्या, माणशी सेकंदाला साधारण १० लिटर, आणि पंखा असा बसवा की आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहील. मग खण उघडला की हवा बाहेर जाते, आत येत नाही. पातळ टिश्यू पेपर खणाच्या फटीशी धरून बघा. तो बाहेरच्या बाजूला फडफडला पाहिजे. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. हवेच्या वाटेला आतून पोलादी गज हवेत, नाहीतर तेच भोक चोराला सापडतं.

पोलादी डबा उन्हात तापतो, थंडीत गारठतो. भिंतीत उष्णतारोधक थर हवा, आणि बाहेरचा रंग फिका. स्वच्छतागृह आत नसेल तर दिवसातून किती वेळा आणि कोण जागा सांभाळायला येणार हे लिहून ठरवा. ‘बघू’ म्हणून सोडलं की रोखपाल पाणी प्यायचं टाळतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पाय न उचलता दाबता येईल असं धोक्याचं बटण, बाहेर कोण उभं आहे हे दार उघडण्याआधी दिसेल असं भिंग किंवा कॅमेरा, आणि रोकड गाडी थांबते त्या बाजूला भरपूर उजेड, एवढं तरी हवंच.

९. वीज आणि अलार्म

सगळ्या जोडण्या एकाच पेटीत आणा आणि जमिनीतून थेट तळाखाली वर घ्या. भिंतीवरून लोंबणारी केबल कोणीही कापतं. अलार्मला दोन स्वतंत्र वाटा ठेवा, एक तारेची, एक मोबाइलची. पोलादी कवचाला अर्थिंग हवंच. तिजोरीवरचे कंपन ओळखणारे सेन्सर जनरेटरने किंवा शेजारी उभ्या ट्रकने उगाच वाजू शकतात, म्हणून त्यांची जुळवणी गाड्या चालू असतानाच करा. रोज खोटा वाजणारा अलार्म आठवड्याभरात कोणीतरी बंद करून ठेवतं.

१०. नोटा यायच्या आधीचा दिवस

एक पूर्ण दिवस नोटांच्या मापाच्या कोऱ्या कागदांनी सराव करा. तीन गाड्या आणा: एक बसकी, एक मध्यम, एक उंच. प्रत्येकातून बुटका आणि उंच माणूस खणापर्यंत हात पोचवून बघू दे. उजवा हात अधू असलेल्या माणसाला जमतं का, तेही बघा. खणात नाणी टाका, चुरगळलेल्या पावत्या टाका, वरून बादलीभर पाणी ओता. रात्री दिवे लावून गाडी आणा आणि कॅमेऱ्यात नंबरप्लेट वाचता येते की नुसता पांढरा झोत दिसतो ते बघा. मग मुख्य वीज काढा आणि प्रत्येक दार, प्रत्येक कुलूप हाताने तपासा. जे सापडेल ते त्याच दिवशी दुरुस्त करा, कारण उद्यापासून आत पैसे असतील आणि दार उघडं ठेवून काम करता येणार नाही.

११. डबा हलवायची वेळ आली की

रोकड आदल्या दिवशी बँकेच्या गाडीने जाते, दोघांच्या सह्यांनी. त्यानंतर डब्यातला प्रत्येक कोपरा पुन्हा बघायचा: एटीएमची नाकारलेल्या नोटांची पेटी, पैसे भरायची पाकिटं आत सरकतात त्या घसरगुंडीचं वळण, खणाखालची पोकळी, नळीत अडकलेली डबी. एकदा घसरगुंडीच्या वळणात एक पाकीट सापडलं होतं, कोणीतरी दोन महिन्यांपूर्वी टाकलेलं. ग्राहकाने तक्रार केली होती आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. तेव्हापासून टॉर्च आणि वाकडा आरसा घेऊन मी स्वतः आत उतरतो.

मग उलट्या क्रमाने: अलार्म कंपनीला कळवून लाइन बंद, वीज पेटीतून तोडणं, बुचं काढून कड्या परत लावणं, शेवटी आतले नट. एटीएम नव्या जागी गेल्यावर ते पुन्हा पाणसळीत आहे का हे बघितल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर नोटा अडकत राहतील. चौथऱ्यावर उरलेले बोल्ट टोपणांनी झाका, जमिनीतून आलेल्या केबलच्या नळ्यांची तोंडं बंद करा. आणि तो पोलादी साचा डब्याच्याच आत, भिंतीला बांधून पाठवा. नव्या जागेचा चौथरा त्याच्यावरूनच ओतायचा आहे.